जमीन मळवलीला, दावा मुंबईला

आमच्या मळवलीच्या भातखाचरावर शेजारच्या बंगलेवाल्या शेटनं हक्क सांगितला आणि दावा लावला मुंबईत, आपल्या घराजवळच्या कोर्टात. खेपा घालून आम्ही थकू, हा मेल्याचा हिशेब. मी सासूबाईंना घेऊन गेले.

जज्जसाहेबांनी विचारलं, "जमीन कुठे आहे?"

सासूबाई फणकारल्या, "तितंच, मळवलीला. तिला हितं कशी आणू?"

साहेब हसले. जमिनीचा दावा जमीन असेल तिथल्याच कोर्टात चालतो, असं सांगून त्यांनी शेटचे कागद परत केले. मग त्याला आमच्या तालुक्याच्या गावी, वडगावच्या कोर्टात दावा लावावा लागला. पहिल्याच तारखेला तो चिखलानं माखलेल्या बुटांनी धापा टाकत आला. सासूबाईंनी बाकावर सरकून त्याला जागा दिली आणि मायेनं विचारलं, "लय लांब पडलं व्हय?"