गाळलेला नमुना
माझ्या वडिलांना रक्ताचा कर्करोग असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तो सोमवार होता. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्याच्या सहा महिने आधी ते माझ्या प्रयोगासाठी रक्त द्यायला शिवाजीनगरहून बसने प्रयोगशाळेत आले होते. प्रतिपिंडाचा, म्हणजे अँटिबॉडीचा, एक निकामी झालेला जनुक निरोगी माणसांच्या पेशींत तरीही कितपत चालू असतो, ते मी बारा जणांच्या रक्तात मोजत होते. स्पिरिटच्या वासात बाही वर सारत ते म्हणाले, "घे गं अक्का, जुना माल आहे, स्वल्प घट्ट निघेल." इतरांच्या पेशींत तो जनुक जेमतेम चालू होता, अण्णांच्या पेशींत मात्र कैकपट. पुन्हा तपासलं, तेच आलं. माझा आलेख बिघडत होता, म्हणून 'नमुना खराब' असं लिहून मी तो गाळला. जेवताना त्यांनी विचारलं, "काय निघालं माझ्यात?" पुस्तकातून मान वर न करता मी म्हटलं, "काही नाही, सगळं सरी आहे, ठीक आहे." ते समाधानाने ताक प्यायले. कर्करोगात होतं तशी एकाच पेशीची पिल्लावळ बेसुमार वाढली की असा आकडा येऊ शकतो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या छापील प्रबंधात त्या आलेखावर अकरा ठिपके आहेत.