गेणूच्या नावावरचे मैल

मलकापुरात सोपान बनसोडेला कुणी फिटर म्हणत नसे. सगळे त्याला 'इमानवाला सोपान' म्हणत. कऱ्हाडकडच्या जुन्या तोंडात विमानाचं इमान होतं, आणि सोपानच्या बाबतीत ते दोन्ही अर्थांनी बरोबर बसायचं. चार वर्षांत हा माणूस पंधरा-वीस वेळा समुद्र ओलांडून आला होता, पण गल्लीत कधी परदेशाचा तोरा मिरवला नाही.

शिरवळच्या ज्या कारखान्यात तो नोकरीला होता, तिथं साखर कारखान्यांना लागणारे पंप बनत. ते विकायला टायवाले साहेब जायचे. पंप तिकडं पोचून अडला की मग सोपानची आठवण व्हायची. केनिया, टांझानिया, सुदान, जिथं म्हणून ऊस गाळला जातो तिथं. विकणारे विमानात पुढच्या वर्गात पाय ताणून जात आणि चालू करणारा मागं शेवटच्या रांगेत, संडासाच्या दाराला खेटून बसे. ह्याला जगात व्यवस्था म्हणतात. सोपानला त्याचं काही वाटत नसे. पुढं एक पडदा असतो आणि त्याच्या पलीकडं रुंद खुर्च्या असतात, एवढंच त्याला ठाऊक होतं.

त्याची काम करायची तऱ्हा बघण्यासारखी होती. आल्या आल्या तो हत्यारांची पेटी उघडत नसे. लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. सुदानात एकदा तीन इंजिनीअर चार दिवस यंत्रं लावून एका पंपाला पुजत बसले होते. सोपाननं दहा मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, पंप निरोगी आहे, खालचा पाया हलतोय. पायाचे बोल्ट उघडले तर दोन तुटलेले निघाले. तिथला मॅनेजर तोंडात बोट घालून बघत राहिला आणि सोपान मुकाट्यानं चहा प्यायला गेला.

हे ऐकणं त्यानं आयटीआयमध्ये शिकलं नव्हतं. ते त्याच्या बापाचं होतं. गेणू बनसोडे रेल्वेत चावीवाला होता. खांद्यावर हातोडा आणि पाना, हातात लाल-हिरवी झेंडी, आणि कऱ्हाड स्टेशनापासून शेणोलीच्या अंगानं रोज रुळावरून चालायचं. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या प्रत्येक चावीवर हातोडा मारायचा आणि आवाजावरून ओळखायचं, घट्ट आहे की ढिली. लहानपणी सोपान सुट्टीच्या दिवशी त्याच्यामागनं स्लीपर मोजत चालायचा. एकतीस वर्षं गेणू असा चालला. चौऱ्याऐंशी साली नोकरीत असतानाच गेला. आयुष्यात त्यानं विमान पाहिलं ते मान वर करूनच.

आता एका कार्डाची भानगड. त्र्याण्णव साली मुंबईच्या विमानतळावर एका पोरीनं सोपानच्या हातात फॉर्म दिला. आमच्याच कंपनीच्या विमानानं सारखा प्रवास केलात तर मैल साठतात, म्हणाली. सोपाननं ओळीत उभ्या उभ्या फॉर्म भरला, जन्मभर प्रत्येक फॉर्म भरला होता तसाच. आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडलांचं. शाळेच्या दाखल्यापासून मतदार यादीपर्यंत आपल्याकडं हीच रीत. पण विमान कंपनीच्या कॉम्प्युटरला ती कुणी शिकवली नव्हती. त्याच्या मते शेवटी येतं ते आडनाव. दोन महिन्यांनी मलकापुरात कार्ड घेऊन लिफाफा आला तो 'मिस्टर गेणू' यांच्या नावानं.

पोस्टमन केरबा दारातच थबकला. "आक्काताई, गेणूदाला पत्र आलंय. तेबी परदेशातनं!"

सोपानची आई आक्काताई उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली होती. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिनं पदराला हात पुसले आणि ते पाकीट दोन्ही हातांत घेतलं.

संध्याकाळी सोपाननं वाचून दाखवलं. प्रिय मिस्टर गेणू, आपल्या नावावर आठ हजार मैल जमा झाले आहेत.

"मैल?" आक्काताईनं नाक मुरडलं. "कसला रं? अंगाचा का गटारीचा?"

"आगं अंतराचा, आये. मैलाचा दगड असतुया न्हवं? तसला."

तिनं पाकीट परत हातात घेतलं. मग म्हणाली, "तर मग बराबर हाय की. त्येंच्या नावावर मैल नसत्याल तर कुणाच्या असत्याल?"

'त्येंच्या' म्हणाली, कारण नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. पेन्शनच्या कागदावर रेल्वेच्या साहेबानं मयताचं नाव विचारलं, तेव्हाही तिनं सोपानला कोपरानं ढोसलं होतं आणि नाव त्यानं सांगितलं होतं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले, उपास गेले, अंगारे-धुपारे गेले, पण हे एक काही गेलं नाही. सोपान चेष्टा करायचा, तर म्हणायची, "ज्येचं त्येला ठावं."

बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी गेणूचा फोटो होता. पाकीट त्यामागं गेलं, आतलं कार्ड सोपानच्या खिशात. नाव दुरुस्त करून घ्यायचं सोपानच्या मनात होतं. एक पत्र टाकलं असतं तर झालं असतं. पण दर तीन महिन्यांनी केरबा हाक मारायचा, "आक्काताई, मालकांचं पत्र!" आणि म्हातारीचा चेहरा दिवसभर उजळलेला असायचा. सोपाननं ते पत्र कधी टाकलंच नाही. चुका बऱ्याच जण करतात. आईसाठी चूक सांभाळून ठेवणारा सोपानसारखा एखादाच.

सत्त्याण्णव साली त्या चुकीनं डोकं वर काढलं.

सोपानची धाकटी बहीण नीलिमा मस्कतला नर्स होती, नवराही तिथंच नोकरीला. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात सगळं संपलं. तिसऱ्यांदा सातवा लागला. डॉक्टरनं पलंगावरून उठू नको म्हणून बजावलं होतं, मग माहेरी यायचं कुठलं? तिचा फोन आला आणि ती नुसती रडत राहिली. शेवटी म्हणाली, "दादा, आईला आण रं. ती जवळ असली की हे टिकंल."

आणावं तर आक्काताईचा उजवा पाय. तरुणपणी गुडघ्याला हाडाचा क्षय झाला, तेव्हा मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून पाय वाचवला होता, पण गुडघा कायमचा सरळ झाला. त्या पायावर तिनं दोन लेकरं वाढवली, बाजार केला, भांगलण केली. एसटीत मात्र तिला पुढच्या दाराजवळची जागा लागायची, पाय मोकळा सोडायला. सोपान ज्या रांगेत बसायचा तिथं तो पाय मावणं शक्यच नव्हतं.

सांगलीत विश्रामबागेत लालासाहेब नावाचा तिकिटांचा एजंट होता. सोपान त्याच्याकडं गेला. लालासाहेब सरळ बोलला, "पाय वाटंत आला तर त्ये बसू देणार न्हाईत. पुढच्या वर्गाचं तिकीट काढावं लागंल." त्याचा आकडा ऐकून सोपान खुर्चीतून उठलाच. तेवढ्यात लालासाहेबाची नजर त्याच्या पाकिटातल्या कार्डावर गेली. "आवं सोपानराव, गड्या, हे काय खिशात घालून हिंडताय? मैल किती हायती?"

बेचाळीस हजार होते. साधं तिकीट काढायचं आणि पंधरा हजार मैल मोडून घरच्या माणसाला पडद्याच्या पुढं बसवायचं, अशी सोय होती. सुदानच्या धुळीतले, केनियाच्या तापातले दिवस आईच्या पायाखाली गादी होऊन येतील, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

लालासाहेबानं मुंबईला फोन लावला आणि लावता लावता त्याचं तोंड उतरलं. खातेदार मिस्टर गेणू यांनी स्वतः सही करावी, असं तिकडून सांगत होते.

फोन ठेवून तो हळूच म्हणाला, "त्यात काय अवघड न्हाई. तुमीच करा की 'गेणू' म्हणून सही. त्यास्नी काय कळतंय?"

सोपाननं पेन उचललं. क्षणभर हातात धरलं आणि खाली ठेवलं. "बा अंगठा लावायचा," तो म्हणाला. "त्याच्या नावाची खोटी सही मी करू? न्हाई जमायचं." इमानवाला म्हणतात तो उगाच नाही. पण परतीच्या बसमध्ये एकच विचार त्याची पाठ सोडेना. एक खोटी सही केली नाही म्हणून बहिणीचं पोर गेलं तर? कऱ्हाड येईपर्यंत तो स्वतःला हेच विचारत होता.

त्यानं दोघांचीही साधी तिकिटं काढली. त्याला मस्कतवरून पुढं नैरोबीला जायचंच होतं. आणि उड्डाणाच्या आदल्या दिवशी आईला घेऊन तो विमान कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात मैल मागायला गेला. समोर एक मराठी बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. वाईट नव्हत्या, पण नियमाच्या पक्क्या.

"तिकीट बनसोड्यांचं, खातं गेणूंचं. हे गेणू कोण?"

"माझे वडील."

"त्यांना आणलंय?"

"ते वारले, मॅडम. चौऱ्याऐंशी साली."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मग हे मैल बाद होतात. खातेदार मयत असेल तर ते कुणालाही देता येत नाहीत."

खरं बोलून सोपाननं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. तो घाईघाईनं समजावू लागला, आडनाव आधी, मग नाव, मग बापाचं, उडालो मीच. बाई मान हलवत होत्या, पण ती नकाराची. "तुम्हीच उडालात याला पुरावा काय?"

सोपानकडं पुरावा नव्हता. विमानात चढतानाच्या चिठ्ठ्यांचे तुकडे कोण ठेवतं?

तेव्हा आक्काताईनं काखेतली कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. त्यात केरबानं आणलेली सगळी पाकिटं होती, आणि दोऱ्यानं बांधलेला चिठ्ठ्यांच्या तुकड्यांचा एक गठ्ठा. सोपान बघतच राहिला. दर खेपेला तो परत आला की शर्ट धुवायच्या आधी तिनं खिशातून ते तुकडे काढून फोटोमागं ठेवले होते. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"हे कशाला ठेवलंत, आजी?" बाईंनी विचारलं.

"पोरगं माघारी आल्याची पावती हाय ती," आक्काताई म्हणाली. "एकेक आली की फोटोला दावायची. म्हणायची, आलं बरं का तुमचं लेकरू."

बाईंनी एकेक तुकडा खात्यातल्या प्रवासांच्या यादीशी ताडून बघितला. प्रत्येकावर बनसोडे सोपान गेणू. तारीखही जुळत होती. पण फॉर्मवर अजून एक रकाना होता. त्यांनी चष्मा काढला. "आजी, हे नाव वडलांचंच आहे, हे मला तुमच्याकडून हवंय. तुमच्या मालकांचं नाव काय?"

आक्काताईनं सोपानला कोपरानं ढोसलं. सोपाननं तोंड उघडलं, तर बाईंनी हात वर केला. "त्यांना सांगू द्या."

आक्काताईनं पदर पुढं ओढला. सोपानला वाटलं, संपलं सगळं. चाळीस वर्षांचं तिचं मौन आता ह्या टेबलावर आपण कसं मागायचं? मागवेचना त्याला. त्यानं पाकिटं गोळा करायला हात घातला. तिनं त्या हातावर हात ठेवला.

"गेणू," ती म्हणाली. आवाज आधी फुटलाच नाही, म्हणून परत म्हणाली. "गेणू रामा बनसोडे. रेल्वेतला चावीवाला. मैल त्येंचंबी हायती आन ह्येचंबी. एकानं चालून केलं, एकानं उडून केलं. आता माज्या लेकीकडं जायला तेवढं मोडा, बाई."

सोपाननं तोंड फिरवून डोळे पुसले. बाईंनी पण बराच वेळ चष्मा पुसला. मग शिक्का मारला. खात्यावरचं नाव बदलायला महिना लागेल, तोवर जागा 'मिसेस गेणू' म्हणूनच छापून येईल, तेवढं चालवून घ्या, म्हणाल्या.

पुढं सगळं नीट झालं. नीलिमाला दिवस भरून मुलगी झाली, आक्काताई चार महिने तिथं राहिली आणि मस्कतच्या बायकांना खपली गव्हाची खीर शिकवून आली. पण सोपान सांगतो ते विमानातलं.

त्यानं आईला धरून पुढच्या रुंद खुर्चीत बसवलं. पायाखाली उशी दिली. पाय सरळच्या सरळ पसरला आणि तरी समोर जागा उरली. पलीकडच्या खुर्चीत त्याच्याच कारखान्याचे एक विक्रीवाले साहेब होते. ते एकदा म्हातारीकडं आणि एकदा सोपानकडं बघत राहिले. सोपाननं त्यांना नमस्कार केला आणि तो आपल्या शेवटच्या रांगेकडं निघाला. पडद्यापाशी पोचला, तोच मागं हवाई सुंदरी यादी घेऊन आली. एकेकाचं नाव घेऊन स्वागत करत होती.

"मिसेस गेणू?"

सोपान थांबला. आई आता पदर ओढून घेईल, त्याला वाटलं.

"व्हय," आक्काताई सगळ्या विमानाला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "गेणूचीच हाय मी."