कच्च्या सुताचा शिवदोरा

उदगीरच्या जुन्या गावात एक बोळ इतका निमुळता आहे, की समोरून म्हैस आली तर माणसानंच कुणाच्या तरी दारात चढावं. त्या बोळाच्या टोकाला ईश्वरप्पा खरादी राहतो. खरादी हे त्याचं आडनाव नव्हे, पण गाव त्याला त्याच नावानं ओळखतं. खरादावर लाकूड फिरवायचं आणि त्यातून वाट्या, कुंकवाचे करंडे, लाख चढवलेले खोलगट कटोरे काढायचे, हा त्याचा धंदा. इस्लापूरकडून हळदूचं पिवळसर लाकूड यायचं. ते हातात घेऊन वास घेतल्याशिवाय तो कधी पटाशी उचलत नसे. माणूस मोठा तोंडाळ. कटोरा प्लास्टिकसारखा गुळगुळीत का नाही, असं विचारणाऱ्या एका बाईला त्यानं सरळ प्लास्टिकच्या दुकानाचा पत्ता सांगितला होता.

पूर्वी खराद दोघांनी चालवायचा. ईश्वरप्पा पटाशी धरून बसे आणि समोर त्याची बायको दानम्मा चामड्याचा पट्टा ओढी, एकदा इकडं, एकदा तिकडं. धार अडकली की तो नुसता ‘हं’ म्हणे आणि तिचा हात जागीच थांबे. घरात दोघांची जेवढी भांडणं झाली, त्यातलं एकही पट्ट्यावर झालं नाही. पुढं मुलगा संगमेश हाताशी आला. आईचे खांदे रात्रंदिवस ठणकतात हे त्याला बघवेना. त्यानं बंद पडलेल्या गिरणीची मोटर आणली आणि खरादाला जोडली. काम झपाट्यानं व्हायला लागलं, हैदराबादची दुकानं माल मागायला लागली. दानम्मा पट्टा सोडून सून अंजूबरोबर लाख लावायला बसली. मोटरीला ‘हं’ कळत नाही हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण सगळे खूश होते.

घर लिंगायताचं. चांदीच्या डबीतलं इष्टलिंग शिवदोऱ्यात ओवून गळ्यात घालायचं आणि मातीत जाईपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, हा नेम. मोटर आल्यावर संगमेशनं एकदा भीतभीत विचारलं होतं, की कामापुरतं लिंग देवळीत ठेवलं तर चालेल का.

“श्वास बी कामापुरता काढून ठेवतूस का?” ईश्वरप्पा म्हणाला होता.

संगमेश हसला. त्यानं डबी पाठीवर टाकली, वरून सदऱ्याची गळ्यापर्यंत बटणं लावली आणि कामाला बसला. रोज तसाच बसायचा.

मग एकदा वाकताना शिवदोरा पुढं घसरला आणि फिरत्या लाकडात सापडला. दोरा कच्च्या सुताचा, दानम्मानं वळलेला. तो टचकन तुटला. संगमेशच्या मानेवर लाल वळ उठला, बाकी काही नाही. पण डबी उडाली, ती भुशात कुठं गेली ते दिसेना. लिंग गळ्यात नाही म्हणजे पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. सगळं घर गुडघ्यावर बसून भुसा चाळत राहिलं. दिवे लागायच्या वेळी डबी सापडली, तेव्हा दानम्माच्या डोळ्यांना धार लागली. शिवदोरा तुटणं हा केवढा अपशकुन, हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ईश्वरप्पानं त्या तुटक्या दोऱ्याला शिव्या घातल्या. त्यानं मुलाच्या मानेवरचा वळ पाहिला होता, आपल्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि तरीही राग दोऱ्यावरच काढला.

पुढच्या खेपेला नांदेडला माल पोचवायला गेला, तेव्हा त्यानं तिथून नायलॉनचा काळा गोफ आणला. चांगला पीळदार, चकचकीत. सणाच्या दिवशी स्वतःच्या हातानं त्यात डबी ओवून मुलाच्या गळ्यात घातला. संगमेशनं दोन्ही हातांनी ताणून बघितला.

“आप्पा, ह्याला बैल बांधला तरी तुटणार न्हाई,” तो म्हणाला. अंजू शेजारी होती, तीही हसली. ईश्वरप्पाला त्या दिवशी फार समाधान वाटलं.

फाल्गुनातल्या एका दुपारी, पत्रा तापलेला असताना, संगमेश एका मोठ्या कटोऱ्याचं पोट कोरत होता. उकाड्यानं त्यानं वरची बटणं सोडली होती. आत किती खोल गेलं ते बघायला तो वाकला. ईश्वरप्पा दारात गाडीवाल्याशी लाकडावरून हुज्जत घालत होता. मोटरीचा आवाज एकदम जड झाला. तो आत धावला, बटण बंद केलं, गोफ दोन्ही हातांनी ओढला. गोफ तुटेना. शेवटी त्यानं पटाशीनं तो कापला. तोवर सगळं संपलं होतं. अंजू लाखेची कांडी हातात घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिला सातवा महिना होता.

संगमेशला बसवून पुरलं, रीतीप्रमाणे डाव्या हातात त्याचं लिंग देऊन. भेटायला येणारा जो तो मोटरीला बोल लावत होता. शेजारचा रेवणप्पा म्हणाला, फिरत्या भागावर जाळी पाहिजे होती. कुणी नशिबाचं नाव घेतलं. गोफाचं नाव कुणी काढलं नाही. ईश्वरप्पाला वाटायचं, कुणीतरी काढावं. कुणीतरी तोंडावर थुंकावं. पण लोक चांगले होते, चहा पिऊन हात जोडून निघून जायचे. तोंडाळ म्हणून गाजलेल्या माणसाची वाचाच बसली. मोटर त्यानं भंगारात दिली आणि खरादावर पोतं टाकलं.

मुलगी झाली. नाकाडोळ्यांनी बापावर गेलेली. मठातले स्वामी लिंग बांधायला आले, पाट मांडला, विभूती काढली. अंजूनं पोर पदराखाली घेतली.

“माझ्या लेकीच्या गळ्यात दोरा घालायचा न्हाई,” ती म्हणाली.

दानम्मानं विनवलं, रागावली, रडली. लेकरू लिंगाविना कसं ठेवायचं, उद्या काही झालं तर? स्वामी वयस्क, समजूतदार. तिचं मन वळू द्या म्हणाले आणि गेले. ईश्वरप्पा भिंतीला टेकून बसला होता. नात अशी उघड्या गळ्यानं वाढणार, या विचारानं त्याचा जीव तीळतीळ तुटत होता. त्याच्या लेखी ते पोर अजून घराचं झालंच नव्हतं. पण सुनेला सांगायचं कोणत्या तोंडानं? या घरात गळ्यातल्या दोऱ्याबद्दल शेवटचा हुकूम त्याचाच झाला होता.

बरेच दिवस असेच गेले. मग एका सकाळी त्यानं खरादावरचं पोतं काढलं आणि जुना चामड्याचा पट्टा तेल लावून मऊ केला. त्याचं एक टोक दानम्मापुढं धरलं. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि ओढायला बसली. हळदूच्या उरलेल्या तुकड्यातून त्यानं एक लहानशी टकळी उतरवली. मधे एकदा त्याच्या तोंडून ‘हं’ निघालं आणि दानम्माचा हात थांबला. मग बोंडातला कापूस घेऊन तो ओसरीवर सूत काढायला बसला. बायकांचं काम, हात बसलेला नाही. सूत कुठं जाड, कुठं केसासारखं.

दोरा वळून झाल्यावर तो अंजूपुढं जाऊन बसला. पोर तिच्या मांडीवर झोपली होती.

“ओढ,” तो म्हणाला. “माझ्यासमोर ओढ. तुटतू का बघ.”

दारातून दानम्मा घाबरून नको नको म्हणाली. अंजूनं दोरा दोन्ही मुठींत धरला आणि ओढला. तो तुटला. ती तुटलेल्या टोकांकडं बघत राहिली. मग एक टोक तिनं पोरीच्या गळ्याशी नेलं, बोटानं तिची मान चाचपली. ती मान केवढीशी होती.

“ह्यो बी तुटायला लई ताण लागला, मामा,” ती म्हणाली. “अजून कच्चा करा.”

ईश्वरप्पाला रडू आवरेना. डोळे न पुसताच त्यानं टकळी उचलली.