इंजिनाची खोळ

आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. आमचाही एक कोयता. दिवाळी झाली की उमापूरकडच्या आमच्या गावातून निघायचं, कोल्हापूरच्या बाजूला ऊस तोडायचा आणि पाचटाच्या कोपीत राहायचं. कोपीला दार नसतं. आडोसा म्हणून जुनी साडी बांधायची. माझं मला काही वाटत नव्हतं. पण गेल्या हंगामात लेक शहाणी झाली, आणि त्या साडीकडे बघून मला झोप लागेना. तिला गावात ठेवावं तर मागं घरी कोणी नाही.

म्हणून ह्यांनी ती गाडी घेतली. पुण्याकडचं एक म्हातारं जोडपं तिच्यातून देश हिंडायचं. आत झोपायला दोन फळ्या, एक शेगडी आणि आतून कडी लागणारं दार. आरसी बुकात कॅम्पर व्हॅन असं लिहिलंय, आमच्या आळीत ती फिरतं घर झाली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, जपून ऱ्हावा. आता दादा रुसला तर घरासकट जाईल."

"जाऊ द्या की. चावी माझ्यापाशी हाय," मी म्हणाले. असं मी घरातच बोलू शकते. परक्या माणसापुढे माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

पावसाळ्यात गाडीचं इंजिन बसलं. माजलगावच्या मिस्त्रीनं त्याच जातीचं दुसरं इंजिन बसवून पावती दिली. गाडी छान चालू लागली. पण विमाही संपत आला होता, आणि विम्याचा माणूस म्हणाला, "पुस्तकात जुन्या इंजिनाचा नंबर हाय. आधी नवा चढवून आणा. तसंच गेलात आन् रस्त्यात काही झालं तर कंपनी हात वर करील." टोळीच्या मुकादमानं निघायचा दिवस सांगून ठेवला होता. त्याच्या आत काम झालं नाही तर गाडी दारात उभी राहणार, आणि आम्ही ट्रकमध्ये बसून पुन्हा कोपीत.

तिघं मिळून बीडला आरटीओत गेलो. साहेबांनी चेसिसच्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. आकडे उमटले. मग ते इंजिनाकडे वळले आणि थांबले.

"हे काय आहे?"

शेंदूर होता. खंडेनवमीला मीच लावला होता. त्या दिवशी सगळ्या अवजारांची पूजा असते. कोयते मांडले, हळदकुंकू वाहिलं, मग इंजिनाकडे गेले. सगळं ओबडधोबड, त्यात तेवढीच एक जागा सपाट, देवासाठी पाट मांडावा तशी. त्यावर काही आकडे कोरलेले दिसले. मला वाटलं, कंपनीचा शिक्का असेल. तेलात शेंदूर कालवला आणि चांगला थापला.

"घरच्यांनी लावलाय साहेब," हे म्हणाले.

"इंजिनाचा म्हसोबा केलात की! नंबर दिसल्याशिवाय मी सही करणार नाही."

ह्यांनी पेचकस काढला तसे साहेब ओरडले, "लोखंड लावू नका! आकडा खरवडला तर गाडी चोरीची ठरेल." मग डिझेलचा बोळा फिरवला. वरचा रंग तेवढा निघाला. इंजिनाच्या तापानं खालचा थर भाजून कडक झाला होता.

"कावून एवढा थापलास?" हे हळूच म्हणाले.

"घराचं इंजिन म्हणून."

रांगेतला एकजण म्हणाला, "नवस बोला, बाई!" लोक हसले. साहेबांनी कागद मिटले. "पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात आमची टोळी कोल्हापुरात असणार होती. लेक मागच्या दारात उभी होती. तिचा हात कडीवर होता.

"साहेब, जरा थांबा." आवाज माझाच होता.

आमच्या बांधावरच्या म्हसोबाची खोळ मी पाहिली आहे. शेंदराचे थर चढत जातात आणि एक दिवस देव ती खोळ सोडतो. तिला कोणी खरडत नाही. कडेनं तेल सोडतात आणि वाट बघतात. लेकीच्या पिशवीतली खोबरेलाची बाटली घेतली, थराच्या कडेकडेनं तेल सोडलं आणि ह्यांना इंजिन चालू करायला सांगितलं.

"तुमचा देव किती वेळ घेतो?" साहेबांनी विचारलं.

"ते त्यालाच ठाऊक. पर ऐकतो."

आता साहेबही हसले. इंजिन तापलं, तेल आत मुरलं. बंद करून जरा निवू दिलं. मग अंगठ्याचं नख कडेखाली सरकवलं. एक कोपरा उचलला आणि अख्खी खोळ माझ्या तळहातावर आली. खाली नंबर लख्ख. साहेबांनी पेन्सिल घासली, पावतीवरचा नंबर ताडून पाहिला, जुळला.

"पुढच्या खंडेनवमीला लावा खुशाल," ते म्हणाले, "पण चार बोटं बाजूला."

टोळी निघायच्या आदल्या दिवशी पुस्तकात नवा नंबर चढला होता आणि विमाही हातात आला होता.

जाताना सिंदफणेच्या पुलाशी गाडी थांबवली. उतरलेली खोळ पाण्यात सोडायची असते. लेकीनं ती उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला आकडे उलटे उमटले होते. बोट फिरवून तिनं ते वाचले, एकही आकडा चुकला नाही.

"आई, देवानं नंबर पाठ केलाय गं."

मी खोळ पाण्यात सोडली. लेक मागे झोपायला गेली. गाडी चालू व्हायच्या आधी मी कान दिला. आतून कडी लागली.