तिसऱ्या फळीवरचे जोडे

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण शेवटी हसू येईल याची मी खात्री देत नाही. माणसाने स्वतःचा घात किती हुशारीने करावा? माझ्याइतका कुणी केला असेल तर त्याला माझ्यासमोर आणा, त्याचा चहा माझ्याकडून.

लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. नंदुरबारच्या बाजारात मगनशेठने तीन माळ्यांची इमारत बांधली. तोवर गावात एवढं उंच काही नव्हतंच. खेड्यावरून मिरच्या घेऊन आलेली माणसं बैलगाडी थांबवून मान वर करून बघत उभी राहायची, आणि मागच्या गाड्या खोळंबायच्या. शेठने ठरवलं होतं की इथे घरं नकोत, दुकानं नि कचेऱ्या हव्यात. तळमजल्यावर इस्माईल मास्टर शिंपी आला. पहिल्या माळ्यावर दादासाहेब वकील, दुसऱ्यावर कापसाचा एक दलाल, आणि सगळ्यात वर, जिथे उन्हाळ्यात भिंतीवर पापड भाजावेत, तिथे मी. नवा वकील. नावाची पाटी मोठी, अशील एक नाही.

आता शेठचा जीव त्या इमारतीच्या फरशीत. शहाबादी फरशी, रोज दोनदा पुसलेली. त्याने हुकूम काढला, वर जाणाऱ्याने जोडे खालीच काढायचे. त्यासाठी जिन्याच्या तोंडाशी तीन फळ्या ठोकल्या, माळ्यागणिक एक. झालं! ज्याच्या फळीवर जोडे जास्त त्याचा धंदा जोरात, हे आंधळ्यालाही कळायला लागलं. दादासाहेबांची फळी ओसंडून वाहायची. दलालाचीही बरी असायची. माझ्या फळीवर माझाच एक जोडा, तोही टाच झिजलेला.

शेठ एकदा फळीसमोर उभा राहून म्हणाला, दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर वरची खोली दलालाच्या भाच्याला देऊन टाकतो. खोली गेली की मला सासऱ्याच्या भुसार दुकानात बसावं लागणार होतं. सासरे त्याचीच वाट बघत होते. वकील जावई तराजू धरून बसलेला बघण्यात त्यांना कसला आनंद होता देव जाणे.

आशा होती ती एकाच माणसाची. तापीकाठचे एक पाटील. तापीने पुरात पात्र बदललं, ह्यांच्या रानाचा तुकडा पलीकडे नेऊन टाकला, आणि पलीकडचा म्हणतो आता तो माझा. असा कज्जा वकिलाला जन्मात एकदा मिळतो. एका लग्नात भेटले तेव्हा म्हणाले होते की कापूस निघाला की येतो, कागद घेऊन येतो.

पाटील येणार, आणि फळी रिकामी बघणार! मला झोप येईना. मग मला ती अक्कल सुचली. स्टेशनजवळच्या मोच्याकडे मोडीत आलेल्या जोड्यांचा ढीग असायचा. तो मी इस्माईल मास्टरकरवी थोडे दिवस उसना आणला आणि माझ्या फळीवर, फळीखाली, पायरीवर मांडला. मास्टरला बजावलं, कुणी विचारलं तर तोंड गंभीर ठेव आणि सांग, वर फार माणसं आहेत, आज भेट व्हायची नाही. मास्टर म्हणाला, "साहब, ये ठीक नहीं लगता." मी म्हटलं, तू कपडे शिव.

आणि काय सांगू, दुसऱ्याच दिवसापासून गर्दी! मी वर दार लावून गप्प बसायचो, अशिलाशी खलबत चालल्यासारखा. खिडकीच्या फटीतून बघावं तर खाली ओट्यावर माणसं बसलेली. खेड्यावरची, उपरणी सावरून, मान खाली घालून. मी म्हटलं, वा रे शिस्त! नंबराची वाट बघतात आणि चकार शब्द नाही. थोडं बसायची, उठायची, कुणाला 'येतो' न म्हणता निघून जायची. मी म्हटलं, कंटाळली बिचारी, उद्या येतील. समोरच्या निंबाची खालची फांदी उघडी पडत चालली होती. मी म्हटलं, शेळ्या.

वकिली शिकलो होतो हो मी. पण एवढं कळलं नाही.

दिवाळी तोंडावर आली. एक दिवस मी जिना उतरत होतो, तर दादासाहेबांच्या दारातून पाटील बाहेर येत होते. मला बघितलं आणि मटकन पायरीवर बसले. चेहरा पांढराफटक. मी पाणी आणलं. मग पाटलांनी माझा हात चाचपून बघितला, गरम आहे का ते.

"मी येल व्हतू, साहेब," पाटील म्हणाले. "इतला जोडा खाले, नि वर कोनी बोले ना. आते सांगा, आपलाकडे इतला मानसं गप कव्हय बसतस?"

इतकी माणसं गप्प कधी बसतात? मयताच्या घरीच बसतात. ओट्यावर बसायचं, बोलायचं नाही, निरोप न घेता उठायचं, जाताना निंबाचा पाला चावायचा. आणि पाटलांनी मास्टरला विचारलं, तर मास्टर माझ्याच हुकमाने तोंड पाडून म्हणाला, आता भेट नाही. मग पाटील दादासाहेबांकडे गेले. दादासाहेब मला रोज बघत होते. तरी त्यांनी नुसता उसासा टाकला आणि कज्ज्याचे कागद पुढे ओढले. चांगला माणूस. अजून मोठं नाव आहे त्यांचं.

मी म्हटलं, पाटील, मी जिवंत आहे, कज्जा मला द्या. पाटील ओशाळले. "देल शब्द कसा फिरावू? पन एक सांगू, साहेब? मन्ही माय रडनी तुम्हनासाठे. नि तुम्हना दारवर मानसं मात्र भलता वनात."

दारावर आधी आली ती माणसं नव्हती, मोडीतले जोडे होते, हे त्या भल्या माणसाला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

रागाने वर गेलो आणि खिडकीतून मास्टरला ओरडून सांगितलं, ते सगळं खेटर आत्ताच्या आत्ता मोच्याकडे परत पाठव. संध्याकाळी खोलीची किल्ली शेठच्या हातात दिली, खाली उतरलो, तर फळी स्वच्छ. माझा जोडाही नाही. मास्टर कात्री खाली ठेवून म्हणाला, "उसमें आपका भी था? साहब, सब एकसरीखेच दिखते थे."

भर बाजारातून अनवाणी घरी गेलो. बायकोने माझे पाय बघितले, उंबऱ्याबाहेरच थांबवलं, लगबगीने पाण्याचा तांब्या आणला आणि पायावर पाणी घालताना हळूच विचारलं, "कोन गयं?"

म्हटलं, "मीच."