पूजेला बसलेली बंदूक

"डब्बा काढा वसंतभाऊ. भाच्याचं लगन आहे."

शेषरावमामांनी लायसनचं पुस्तक काउंटरवर आपटलं आणि मिशीवरून हात फिरवला. डब्बा म्हणजे काडतुसांचा डब्बा. मी विचारलं, "लग्नात उडवायले पाहिजे का?"

"मंग काय अक्षता म्हनून वाटाले?"

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात माझं बंदुकांचं दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती. वडिलांनी टाकलं, मी चालवतो. लोकांना वाटतं बंदूकवाल्याकडे डाकू येत असतील. अहो, माझं गिऱ्हाईक म्हणजे निम्मे शेतकरी आणि निम्मे बँकेचे गार्ड. शेतकऱ्याकडे असते ती बारा बोअर. तिच्या काडतुसात एक गोळी नसते, बारीक छर्रे भरलेले असतात. घोडा दाबला की ते पसरत जातात. नळी जरा तिरपी झाली तर कोणाच्या वाट्याला जातील ते उडवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

"मामा, तुमचं लायसन पिकाच्या राखणीचं आहे. लग्नात उडवलं तर लायसन जाते, वरून जेल. माहीत असून मी काडतूस कसं देऊ?"

"कोन म्हनते?"

"तुमच्याच लायसनच्या शर्ती."

"शर्ती!" मामा असे ओरडले की बाहेरचा पानवाला वाकून पाहू लागला. "डुक्करं धानात शिरतात तवा कोनता साहेब येते शर्ती घेऊन? बांधावर मीच उभा राह्यतो ना? बंदूक माही, लायसन माहं, काडतूस माहं. आभाळ कोनाच्या बापाचं आहे?"

"आभाळात गेलेलं आभाळातच राह्यते का, मामा?"

"आमच्या घरच्या हरेक लगनात अंतरपाट खाली आला की बार होते. बापानं केला, मी केला. आजपावतो कोनाले लागला नाही. नका देऊ. घरी पडले आहेत चार-दोन." पुस्तक उचललं आणि गेले.

आता या मामांची गोष्ट अशी. त्यांची शेती लामत्याकडे, जंगलाच्या कडेला. डुकरांचा त्रास खरा, बंदुकीची गरजही खरी. हवेत बार काढला की कळप पळतो. माणूस वाईट नाही. पण तापट. आणि बंदूक म्हणजे जीव की प्राण.

त्याच दिवशी दुपारी लांजेवार सर दुकानात आले. माझ्या दोन्ही पोरांना त्यांनी शिकवलेलं. दुकानासमोरून जातानासुद्धा मान फिरवून घेणारा माणूस, आज पायरी चढून आत आला. मी खुर्ची पुसून दिली. बसले नाहीत.

"तुम्ही शेषरावांना ओळखता. आमच्या पल्लवीच्या होणाऱ्या नवऱ्याचे मामा."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाचा म्हणजे सरांचा होणारा जावई, नितीन. लग्न माझ्या दुकानाच्या समोरच्याच लॉनमध्ये.

मग सरांनी सगळं सांगितलं. पल्लवी नर्स आहे. तिची मैत्रीण शीतल. एका लग्नात दोघी जवळजवळ उभ्या होत्या. कोणीतरी खुशीत बार काढला आणि एक छर्रा शीतलच्या डोळ्यात गेला. डोळा गेला. पल्लवीनेच ओढणी दाबून तिला दवाखान्यात नेलं होतं. आता पल्लवीने बापाला बजावलं होतं, "बाबा, माझ्या लग्नात एक जरी बार झाला तर मी हार तिथंच ठेवून खाली उतरीन. मग मला म्हणू नका." आणि पोरगी बोलली की करणारी.

"तिकडच्यांना सांगा ना," मी म्हटलं.

"नितीनचे वडील तो लहान असतानाच गेले. या मामांनीच त्याला वाढवलं. तो म्हणतो, मामाले मी कसा नाही म्हणू? मामा रुसले तर तो बोहल्यावर चढणार नाही. बार झाला तर माझी मुलगी उतरणार. म्हणजे लग्न मोडलं, वसंतराव!" सरांनी कपाळाला हात लावला. मग एकदम चिडले. "खरं तर सगळी लायसनं रद्द केली पाहिजेत. तुमचं दुकानसुद्धा बंद झालं पाहिजे!"

मलाही राग आला. "करतो बंद. मग लामत्याची डुक्करं पळवाले तुमचा खडू-फळा पाठवा."

मी चहा मागवला. या वेळी सर बसले.

पोलिसात सांगायचं तर वरातीतच धिंगाणा. मी काडतुसं दिली नाहीत, पण मामांच्या घरी पडलेली होतीच. उरला एक रस्ता, सेफ कस्टडी. म्हणजे लायसनदार आपली बंदूक काही दिवस माझ्यासारख्या दुकानात ठेवतो. मी पावती देतो, बंदूक लोखंडी कपाटात बंद होते. सगळं कायद्यात बसतं. फक्त मामांनी हो म्हणायला पाहिजे होतं.

मी मोटरसायकल काढली आणि लामत्याकडे मामांच्या घरी गेलो. विषय काढला मात्र, मामा खाटेवरून उठलेच.

"जमा करू? इलेक्शन आलं की ठान्यात जमा कर म्हनतात. चोरावानी लायनीत उभा राह्यतो मी. कालचा पोट्टा शिपाई मले म्हनते, 'ए बुढ्ढे, पीछे हट.' आता भाच्याच्या लगनातबी जमा करू? काहून? मी काय गुन्हा केला?"

मी खाली मान घालून बशीतला चहा ओढत बसलो. मान वर केली तर समोर भिंतीवर बंदूक. नळ्या तेलाने चकचकीत, दस्त्यावर सुकलेला झेंडूचा हार. दसऱ्याचा हार अजून काढला नव्हता.

मामी म्हणाल्या, "पाहून राह्यले ना? खंडेनवमीले पूजेले बसवली की विसर्जन होईपावतो मलेबी हात लावू देत नाहीत. औंदा त्याच दिवशी धानात डुक्करं शिरली. गडी बोंबलत आला. हे उठले नाहीत! म्हने, बसवलेली शस्त्रं उचलत नसतात. धानाची अर्धी बांधी खाल्ली डुकरांनी."

"मंग? उचलत नसतातच," मामा गुरगुरले.

मी कप खाली ठेवला. बापा रे, ज्या माणसाने डोळ्यांदेखत धान जाऊ दिलं पण पूजेची बंदूक उचलली नाही, त्याला मी शर्ती शिकवत होतो! गुळानं मरते त्याले विष कायले द्यायचं?

"मामा," मी म्हटलं, "जमा नका करू. माझ्या दुकानात दरवर्षी दसऱ्याला शस्त्रपूजा होते. तशीच पूजा लग्नाच्या दिवशी करू. मुलीकडचे येतील, तुमच्या बंदुकीचं पूजन करतील, तुमचा मान करतील. वरात माझ्या दुकानापासूनच निघंल, सगळ्यांत पुढे तुम्ही. बंदूक रात्रभर पूजेले बसंल, दुसऱ्या दिवशी विसर्जन करून घेऊन जा."

मामांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मुलीकडचे येतीन? तो मास्तर? थो तं बंदुकीचं नाव काढलं की कानात बोटं घालते."

"तो स्वतः येईल."

"आला तं पाहू," मामा म्हणाले.

आता सरांच्या घरी जाऊन त्यांना पटवणं आलं. ते मामांना पटवण्याहून कठीण निघालं.

"मी? बंदुकीला हळदकुंकू वाहू? जन्मभर पोरांना अहिंसा शिकवली मी!"

"तुमच्या अहिंसेनंच वाहा ना सर. ती कपाटात गेली म्हणजे अहिंसाच झाली की."

"हे ढोंग आहे."

"ढोंग कसं? त्या माणसासाठी ते शस्त्र आहे. अर्धं धान गेलं तरी त्यानं नेम मोडला नाही. तुमच्या-माझ्यात आहे का असा नेमाचा माणूस?"

पल्लवीची आई पदर खोचत म्हणाली, "मी ओवाळते. पोरीच्या लग्नासाठी तोफेला ओवाळायला सांगितलं तरी ओवाळीन." घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

लग्न संध्याकाळचं. दुपार कलली तशी मामांची जीप दुकानासमोर थांबली. गुलाबी फेटा, कडक धोतर, खांद्यावर बंदूक. आधी मी बंदूक उघडून पाहिली, दोन्ही नळ्या रिकाम्या. खिशातली काडतुसं मामांनी स्वतःच काढून माझ्या हातात दिली. पाटावर लाल कापड अंथरलं, त्यावर बंदूक. गुरुजींनी मंत्र म्हटले. सरांनी हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटले. अहिंसेची माफी मागत असावेत. त्यांच्या बायकोने आधी बंदुकीला ओवाळलं, मग मामांना. शाल दिली, नारळ दिला. मामांनी नारळ फोडला तो एका फटक्यात.

मग मी पावती फाडली, बंदूक हारासकट कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. सरांनी वाकून मामांना नमस्कार केला. मामा गडबडले. "अरे इवाई, हे काय करून राह्यले? तुमी मुलीचे बाप!" आणि त्यांनी सरांना उठवून छातीशी धरलं.

माझ्या बायकोने कानात विचारलं, "दुकान आहे का देऊळ?" मी म्हटलं, चूप.

धुमाल सुरू झाला. धुमाल म्हणजे आमच्याकडचा ढोलताशांचा ताफा, छातीत धडधडतो. वरात निघाली, पुढे मामा. लॉनच्या फाटकात पोचली आणि नितीनचे मित्र सुरू झाले, "मामाजी, एक तो बनता है! फायर! फायर!"

मी आणि सर फाटकातच होतो. सरांनी माझा दंड धरला. त्यांची नखं मला टोचत होती.

मामांनी हात वर केला. "चूप बसा बे! माही पूजेले बसली आहे."

पोट्टे हिरमुसले. आणि तेवढ्यात नितीनचा थोरला मेहुणा, बहिणीचा नवरा, वाराशिवनीचा ठेकेदार, पुढे आला. "मामाची बसली तर काय झालं, माझी आहे ना!" असं म्हणत त्याने कमरेचं पिस्तूल काढलं. वरातीने टाळ्या वाजवल्या.

सगळी मेहनत पाण्यात! मी धावणार तोच लक्ष गेलं पल्लवीच्या बाजूला. मंडपाच्या तोंडाशी ती हार घेऊन उभी होती. शेजारी काळ्या चष्म्यातली एक मुलगी. पिस्तूल पाहताच ती मुलगी मटकन खाली बसली, दोन्ही हातांनी तोंड झाकून. पल्लवीने हार बाजूच्या खुर्चीवर ठेवला आणि तिला कवेत घेतलं.

मामांनीही ते पाहिलं. "ते पोरगी कोन?" त्यांनी सरांना विचारलं. सरांनी चार शब्दांत सांगितलं. मामांचा चेहरा उतरला. फेटा काढून त्यांनी कपाळ पुसलं आणि परत नीट बांधला. मग सरळ ठेकेदारासमोर जाऊन उभे राहिले. छाती त्या पिस्तुलाच्या पुढे.

"जावाईबापू, आमच्या बापजाद्याची बंदूक मानानं पूजेले बसली. तुमची हे टिचभर, उभी काहून?"

"मामा, मजाक मत करो. लायसनची आहे."

"माहीबी लायसनचीच होती. सोन्याची सुरी असली म्हनून कोनी उरात खुपसून घेत नाही. बसवा तिले. नाही तं आज नवरदेवाचा मामा मंडपात येनार नाही, अन् तुमच्या सासूले उत्तर तुमी द्या."

सासू, म्हणजे नितीनची आई, मागे कमरेवर हात ठेवून उभीच होती. ठेकेदाराने तिच्याकडे पाहिलं. पिस्तूल कमरेला गेलं.

"तिथं नाही," मामा म्हणाले. "वसंतभाऊ, दुकान उघडा!"

आणि काय सांगू, अख्खी वरात वळली! पुढे धुमाल, मागे नाचणारे पोट्टे, मधे तोंड पाडलेला ठेकेदार. मी शटर वर केलं, पिस्तूल रिकामं करून घेतलं, पावती फाडली. मामींनी आपल्या वेणीतला गजरा काढून पिस्तुलावर ठेवला. कुलूप लागलं तशी अशी आरोळी उठली की बार झाला असता तरी इतका आवाज झाला नसता.

अंतरपाट खाली आला तेव्हा मामांनी शीतलला पुढच्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं होतं. बंदुकीच्या बाराऐवजी त्यांनी तोंडाने आवाज काढला, "धाड!" शीतल आधी दचकली. मग इतकी हसली की चष्मा नाकावरून घसरला. पल्लवीने स्टेजवरून ते पाहिलं आणि नितीनच्या गळ्यात हार घालताना ढसाढसा रडली. लोक म्हणाले, माहेर सुटते म्हणून रडते पोरगी. मला आणि सरांना माहीत होतं ती का रडत होती. माझे स्वतःचे डोळे कोरडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामा बंदूक न्यायला आले. विसर्जन झालं, पावती परत घेतली. जाताना दारात थांबले.

"वसंतभाऊ, तुमचा डाव मले माह्या घरी चहा पेतानाच समजला होता."

"मग... हो काहून म्हटलं मामा?"

"आजपावतो सगळ्यांनी धाकानं मागितली. सरकारनं, पोलिसानं, तुमीबी शर्ती सांगूनच. मानानं मागितली ते पहिल्यांदाच." त्यांनी बंदूक खांद्यावर टाकली. "अन् थ्या पोरीचं मले आधीच सांगाले पाह्यजे होतं. पूजा कराचंबी काम पडलं नसतं."

आता लग्नसराईत माझ्या कपाटात हार घातलेल्या बंदुकांची दाटी असते. काडतुसांचा खप कमी झाला, नारळांचा वाढला. लांजेवार सर दुकानासमोरून जाताना मान फिरवत नाहीत, आत येऊन चहा पितात आणि दुकान बंद करा म्हणून भांडतात. मीही भांडतो. तो वाद काही आमच्या हयातीत मिटायचा नाही.

धंद्यातून एवढंच शिकलो. कायदा दाखवला की माणूस वकील शोधतो, मान दिला की फेटा शोधतो. आणि खरं कारण आधी सांगून टाकावं, नारळ वाचतो.