जवसाची चटणी परदेशी निघाली: निलंगा ते नांदेड

नांदेडच्या एका कंपनीचा निरोप आला, जवसाची चटणी घेऊन या, परदेशी गिऱ्हाईक बघायला येतंय. आमच्या बचत गटातल्या बायांनी मला आन माझ्या धाकट्या जावेला, कमलला धाडलं. चटणी कमलच्या हातची, तोंड माझं. मी चौथी शिकलेली, पण कुणाला भीत न्हाई.

यंदा दुष्काळ. सोयाबीन वाळलं, जवस तेवढं तगलं. बिनखताचं, बिनफवारणीचं. परदेशात तेच पाहिजे म्हणे.

निलंग्याहून सकाळची एसटी पकडा, बायांना अर्धं तिकीट हाय. बसमध्ये गडी उदगीर नवा जिल्हा होणार का न्हाई, यावर भांडत होते. म्हणलं, "जिल्हा कुठला बी करा, नळाला पाणी आणा."

लातूरच्या स्टँडवर भाकरी सोडली. कंपनीसाठी केलेलीच चटणी तोंडात घातली आन घास थांबला.

"कमल, शेंगदाण्याचा कूट टाकलास?"

"थोडा टाकला, अक्का. पावन्याला नुसती जवसाची द्यायची का? चिक्कू म्हणतील."

कंपनीच्या पोरीनं फोनवर बजावलं होतं, शेंगदाणा चिमूटभर बी नको. तिकडं काही लोकांचा त्यानं श्वास कोंडतो, जीव जातो. हे कमलला सांगायचं राहूनच गेलं होतं. सांगितलं तशी ती रडायला लागली.

"परत जाऊ, अक्का. बायांना काय तोंड दाखवू?"

"रडायला येळ न्हाई. ऊठ."

नमुन्याला आणलेलं कच्चं जवस, मिरच्या, लसूण पिशवीत होतंच. लातूरच्या गंजगोलाई बाजारात नवाकोरा दगडी खलबत्ता घेतला आन मांडीवर धरून अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. लोह्यापर्यंत मांड्या बधिर.

कंडक्टर म्हणला, "मावशी, ह्याचं लगेज लागंल."

"लाव की. आधी उचलून बघ."

हसत पुढं गेला.

कंपनीत खरं ते सांगितलं. साहेब वैतागला, "तयार माल आणायचा होता. इथं कुटायची पद्धत नाही."

"मग पाडा पद्धत. गप डबा दिला असता तर चाललं असतं का?"

परदेशी गिऱ्हाईक बाईला त्या फोनवरल्या पोरीनं इंग्रजीत सांगितलं. बाईनं शेगडी मागवली. कमलनं जवस भाजलं, तडतडलं तसा वास पार हाफिसात गेला. मग मिरची, लसूण घालून खलबत्त्यात कुटलं. बाईनं चटणी तळहातावर घेऊन चाटली, पुन्हा हात पुढं केला. साहेबानं बी केला.

गावात बायांनी विचारलं, "पसंत पडली का?" कमलनं मलाच पुढं केलं. म्हणलं, "हिनं त्यांच्या म्होरं कुटली. पसंत."

पुढं नमुना तपासून पास झाला, पहिली खोकी गेली. कमलची चूक आन रडणं तिला विचारूनच लिहिलंय. मला ऑर्डरचा अभिमान हाय, पण कमलचा जास्त. परवा सरपंचीणबाई भुईमुगाच्या शेंगा खात आमच्या चटणी कुटायच्या खोलीत शिरायला निघाल्या. कमलनं उंबऱ्यावर अडवलं, "आधी हात धुवा." आन ह्या टँकरच्या दिवसांत तांब्याभर पाणी तिनंच त्यांच्या हातावर ओतलं.